मागचा भाव पुढे

७ एप्रिल २००८, सोमवार

मि. कोहनी फाईल माझ्या टेबलावर ठेवली, आणि ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. चेहराच पडला बिचाऱ्यांचा! बोट्सवानाचा पुला आणि झिम्बाब्वेचा डॉलर. लंडनच्या कुठल्याशा गिऱ्हाइकाला २००० सालापासूनचे रोजचे भाव हवेत — एका पुलाला किती झिम्बाब्वे डॉलर मिळत होते ते.

"साधना, आय गिव्ह समबडी एल्स. कॅन?"

म्हटलं, नको, राहू द्या. दोनदा विचारून गेले. मी फाईल ओढून घेतली आणि उघडली. निशिकांत — माझा नवरा — गॅबरोनला नोकरीला होता, तिथेच गेला, आणि आता तिथल्या चलनाचे आकडे मी भरायचे. कुणीतरी भरणारच ना!

एक नवीन डायरी पडून होती खणात, कुठल्या तरी बँकेने दिलेली. ही इथेच राहणार, पाया लेबारच्या ऑफिसात. घरी नेता येत नाही. आई सगळं वाचतात — पापडाच्या पुडक्यावरचं सुद्धा.

८ एप्रिल

एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

फेब्रुवारीत आई — माझ्या सासूबाई — पुण्याहून नातीला भेटायला आल्या. आठवडाभरात लिफ्टपाशी छातीत कळ. हार्ट अटॅक. दोन स्टेंट घातले. डॉक्टर म्हणाले, काही महिने विमान नाही, दगदग नाही, धक्का तर अजिबात नाही. निशिकांत रोज गॅबरोनहून फोन करायचा तेव्हा.

मार्चमध्ये तो फ्रान्सिसटाऊनहून गाडीने परत येत होता. तिन्हीसांज. रस्त्यात गाय आली. तिथे येतातच म्हणे गाई रस्त्यात, सगळ्यांना ठाऊक असतं. त्यालाही ठाऊक होतं, त्यानेच मला सांगितलं होतं.

प्रबोधचा — माझ्या दिराचा — पुण्याहून फोन: "वहिनी, आईला आत्ता नाही सांगायचं. डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना? एकाला घालवलं, आता दुसरं नको." मी आईंना सांगितलं, हाँगकाँगला ऑडिट आहे. इराला आणि त्यांना मैत्रीण स्मिताच्या जिवावर सोडलं. गॅबरोनला गेले, सगळं तिथेच केलं, आले. आईंनी दार उघडलं. "वाळलीस गं," म्हणाल्या आणि पान वाढलं. मी जेवले. भात दोनदा घेतला!

इराला सांगितलं होतं. दहा वर्षांच्या पोरीला सांगितलं आणि सत्तरीच्या बाईपासून लपवलं. इरा स्मिताच्या घरी रडली. आपल्या घरी नाही, कारण आपल्या घरी बाबा बिझी आहेत.

झालं लिहून.

१० एप्रिल

आमच्या भाव नोंदवायच्या कामात एक रीत आहे. एखाद्या दिवशी बाजार बंद असला, सुट्टी असली, भाव आलाच नाही, तर मागच्या दिवसाचा भाव पुढे ओढायचा. रकाना रिकामा ठेवायचा नाही. बघणाऱ्याला वाटतं, काल होतं तेच आज आहे.

२००० साली एका पुलाला आठ-दहा झिम्बाब्वे डॉलर. बरे दिवस होते.

सकाळी टिकली लावताना एक लक्षात आलं. निशिकांत इथे होता तेव्हा मी टिकली विसरायचे. एमआरटीच्या गाडीत बसल्यावर आठवायची, आणि तो म्हणायचा, राहू दे गं, कोण बघतंय! आता एक दिवस विसरत नाही. मंगळसूत्रही वरच घालते, ड्रेसच्या बाहेर. आईंना दिसायला हवं.

१४ एप्रिल

काल रविवार. निशिकांतचा फोन रविवारी असायचा. म्हणून मी दर सोमवारी ऑफिसातून गेल्यावर सांगते: "आज दुपारी ऑफिसात आला होता त्याचा फोन. घरची लाईन लागत नाही म्हणाला." तिथे सकाळ असते तेव्हा इथे दुपार, त्यामुळे खपतं.

आज काय सांगायचं ते डब्याच्या वेळी ठरवलं. मेथी! त्याला मेथी फार प्रिय, आणि तिथे मिळत नाही म्हणून कायम रडगाणं. तर आज सांगणार — मिळाली एकदाची, कुणा गुजराती माणसाने परसात लावलीय.

आई स्वतःहून कधी म्हणत नाहीत की मला बोलायचंय त्याच्याशी. फोनच्या बिलाला घाबरतात. माझ्या पथ्यावरच पडलं.

१५ एप्रिल

मेथीचं सांगितलं. "मिळू दे बापड्याला," म्हणाल्या. टीव्ही बघत होत्या.

२२ एप्रिल

आज काही नाही. २००३ पर्यंत आले.

२८ एप्रिल, सोमवार

शनिवारी स्मिताकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. समोरच्याच ब्लॉकमध्ये. आईंना कळलं. "जा की. ती हिरवी साडी नेस." न जावं तर का नाही, याचं उत्तर काय देणार? स्मिताला आधी फोन केला — आई पाठवतायत, मी येऊ का? "असं काय विचारतेस गं! ये."

गेले. आमच्या टॅम्पिनीस वस्तीतल्या सगळ्या ओळखीच्या बायका. मी आत पाऊल टाकलं आणि बोलणं थांबलं. मग सगळ्या एकदम आंब्याच्या डाळीविषयी बोलायला लागल्या — कैरी कुठली, मुस्तफाची की टेक्का मार्केटची. माझ्या गळ्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळ्या बघत होत्या.

स्मिता करंडा घेऊन फिरत होती. माझ्या डावीकडच्या बाईला लावलं. माझ्यापुढे आली आणि तिचं बोट तसंच राहिलं. तिने सासूकडे पाहिलं. सासूने पन्ह्याच्या पेल्याकडे पाहिलं. "अगं, तू आधी पन्हं घे ना," स्मिता म्हणाली आणि उजवीकडच्या बाईकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. माझ्या नव्हतं. ओटीचे हरभरे मला पिशवीत घालून दिले — "इरासाठी."

मला स्मिताचा राग आला नाही. कुणाचाच येत नाही हल्ली. पन्हं चांगलं होतं, वेलदोडा जरा जास्त.

लिफ्टमध्ये आठवलं — आई कपाळ बघणार. पर्समध्ये कुंकू कुठलं? लिपस्टिक होती. बोटाला लावली आणि टिकलीच्या वर टेकवली. लिफ्टच्या आरशात नीट केली.

आईंनी दारातच पाहिलं. "लावलं ना तिने कुंकू?"

"हो."

बराच वेळ बघत राहिल्या. "छान दिसतंय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या स्वतः हळदीकुंकवाला कुठे जात नाहीत. सासरे गेले तेव्हा निशिकांत आठवीत होता. तेव्हापासून आमच्या करंड्यालाही हात लावत नाहीत. देव्हाऱ्यापाशी मध्ये आला तर म्हणतात, "साधना, तुझं ते उचल गं." जणू काय चावणार आहे.

६ मे

फाईलमध्ये गंमत झाली. म्हणजे गंमत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही.

गेल्या सप्टेंबरपासून झिम्बाब्वेचा सरकारी भाव एकच होता. एका अमेरिकन डॉलरला तीस हजार. महिनोन्‌महिने तीस हजार! पुला थोडा हलायचा, म्हणून पुलाचा भाव साडेचार हजाराच्या आसपास थोडा इकडे-तिकडे व्हायचा. पण तो हलायचा तो पुलाच. झिम्बाब्वे डॉलर जागच्या जागी. आणि रस्त्यावर त्याच वेळी एका डॉलरला कोट्यवधी मोजत होते लोक. निशिकांतच सांगायचा. सीमेपलीकडून त्यांच्या गोदामात माल घ्यायला बायका यायच्या, पुला घेऊनच यायच्या, आपल्या नोटा बाहेरही काढायच्या नाहीत. "सरकारी भाव फक्त सरकारला ठाऊक," म्हणायचा आणि हसायचा.

तर आता सरकारने तो हट्ट सोडला. बँकांनी हवा तो भाव लावा. एका रात्रीत तीस हजाराचे सोळा-सतरा कोटींच्या घरात! पुलाला दोन-अडीच कोटी.

ऑफिसात सगळे स्क्रीनभोवती जमले, "वाह लाओ!" करत. मि. कोह म्हणाले, बघा, भाव पडला. मला म्हणावंसं वाटलं, पडला कधीच होता. आज कबूल केला.

आकडा भरला.

१९ मे

घोटाळा! आज घरून निघताना आईंना सांगून बसले — निशिकांतला मेथी मिळाली म्हणे. बोलताना लक्षात आलं, हे एप्रिलात सांगून झालंय. नवीन काही सुचलं नाही की जुनंच तोंडात येतं. जीभ चावली. पण आईंच्या लक्षात नाही. "हो का? मिळू दे," एवढंच.

वय झालं आता त्यांचं. विसरतात.

३० मे

आईंचा इथे राहायचा पास वाढवून मिळाला. प्रबोधला कळवलं. त्याने पुन्हा तेच — "इतक्यात नको वहिनी." त्याला सोपं आहे. तो पुण्यात आहे.

१९ जून, गुरुवार

काल वटपौर्णिमा झाली.

आठवडाभर मी धास्तावले होते. आई दरवर्षी पुण्याहून फोन करून आठवण करायच्या, आणि मी दरवर्षी हो हो म्हणून ऑफिसला जायचे. यंदा तर समोर होत्या. आणि परवा स्वतःच म्हणाल्या, "यंदा राहू दे हो. ऊन फार आहे. तुझं ऑफिस असतं."

मी गडबडले. इतकी वर्षं पाळायला लावणारी बाई राहू दे म्हणते, आणि मी लगेच बरं म्हणायचं? शंका यायची. म्हटलं, "नाही आई, करते ना. अर्धा दिवस रजा टाकलीय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पंखा मोठा केला.

बागेत वडासारखं एक झाड आहे. वडच असावा. एकटीच गेले. आंबा, सुताची गुंडी, हळदकुंकू. दोरा घेऊन फेऱ्या घातल्या. सात जन्म हाच पती मिळो म्हणायचं असतं. माझा हा जन्म अजून चालू आहे, त्याचा संपला — आता सातांचा हिशेब कुठून धरायचा? आमच्या कामात असं झालं तर खाली टीप देतात.

एक चिनी अंकल व्यायाम करत होते. हात मागे-पुढे करत बराच वेळ बघत होते. मग जवळ आले.

"यू मेझरिंग द ट्री आह?"

"येस," म्हटलं.

"व्हेरी बिग, दिस वन," म्हणाले. "व्हेरी ओल्ड लाह." आणि पुन्हा हात हलवायला लागले. इतक्या महिन्यांत माझ्याशी कुणी इतकं साधं बोललं नव्हतं. मला त्यांच्याशेजारी बाकावर बसून राहावंसं वाटलं.

घरी आले तर आई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. डोकं दुखतंय म्हणाल्या. जेवल्या नाहीत. मी बीपी बघितलं, ठीक होतं.

२५ जून

इराला काल ताप. आज उतरला.

३१ जुलै

काल रेडिओवर बातमी: उद्यापासून झिम्बाब्वे डॉलरची दहा शून्यं काढणार. २००६ मध्ये तीन काढली होती, आता दहा. जुने हजार कोटी म्हणजे नवा एक. आमचं सगळं गणित पुन्हा! मागचे सगळे भाव नव्या मापात आणायचे की होते तसे ठेवून टीप द्यायची, यावर मीटिंग. मि. कोह म्हणाले, तसेच ठेवा. त्या दिवशी लोकांनी जे मोजलं ते मोजलं.

त्यावरून आणखी एक निघालं. माझ्या आधीच्या माणसाने एके ठिकाणी भाव येणंच बंद झालं तरी जुना भाव चार महिने पुढे ओढलाय. मी दाखवलं. मि. कोह वैतागले. "कॅनॉट लाइक दॅट! फाइव्ह डेज मॅक्सिमम. आफ्टर दॅट लीव्ह ब्लँक. ब्लँक ऑल्सो टेल्स पीपल समथिंग, यू नो."

हो म्हटलं. त्या चार महिन्यांचे रकाने रिकामे केले. काल होतं तेच आज आहे, असं कुठवर म्हणणार?

घरी इराला शून्यांचं सांगितलं. निशिकांतने फेब्रुवारीत तिला एक कोटीची नोट पाठवली होती, झिम्बाब्वेची. ती तिच्या कंपासपेटीत असते. आईंना ऐकू जाऊ नये म्हणून तिने मला बाथरूममध्ये नेऊन विचारलं, "सो बाबाज नोट इज हाऊ मच नाऊ?"

मी हिशेब केला. "पॉइंट झिरो झिरो वन."

तिने विचार केला. "ओके. स्टिल गॉट समथिंग लाह."

मी तिची वेणी घालून दिली.

१२ ऑगस्ट

प्रबोधला ईमेल लिहिली. पाठवली नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल गणपती. आम्ही दरवर्षी छोटा आणतो. यंदा दुखवट्यात कसा आणायचा, आणि न आणायचं कारण काय द्यायचं, याची काळजी होती. आईच म्हणाल्या, "यंदा प्रबोधकडेच असू दे. इथे मला दगदग होते." सुटले! देव पावला म्हणावं की आलाच नाही म्हणावं!

पण संध्याकाळी इरा बिनसली. आज्जींनी तिला साधंच विचारलं होतं, मोदक हवेत का, बाबा काय म्हणाला असता, किती खाल्ले असते. तिने ताटली सरकवली आणि खोलीत गेली. मी मागोमाग.

"आय डोन्ट वॉन्ट टू लाय ऑलरेडी."

"हळू बोल."

"व्हाय हळू? एव्हरी टाइम आज्जी आस्क, आय मस्ट से बाबा बिझी. बाबा इज नॉट बिझी!" आणि मग मराठीत, जी ती कधी बोलत नाही: "बाबा मेलाय. मला रडायचंय आपल्या घरी."

मी तिचं तोंड दाबलं. हाताने. माझ्या पोरीचं तोंड दाबलं मी.

बाहेर आईंनी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

मला वाटायला हवं होतं काहीतरी. मला फक्त तिचे दात लागले ते कळलं, तळहाताला. हे बरोबर नाही. आईंना सांगायला हवं. सांगितल्यावर त्यांचं काही बरंवाईट झालं तर तेही माझ्याच माथी. पण पोरगी हातची जाईल.

१६ सप्टेंबर

अमेरिकेतली कुठली तरी मोठी बँक बुडाली. अख्खं ऑफिस उभं आहे, जेवायला कुणी गेलं नाही. मी एकटी खाली हॉकर सेंटरला जाऊन इडली खाऊन आले. पुला-झिम्बाब्वेची फाईल दुपारी पूर्ण केली आणि मि. कोहना दिली. त्यांनी न बघताच मान हलवली.

संपली म्हटल्यावर जरा चुकल्यासारखं झालं. इतके महिने रोज त्याच्या गावचा भाव बघत होते. पुला म्हणजे पाऊस, त्याने सांगितलं होतं. पाऊस इतका कमी की पैशाला त्याचं नाव दिलं लोकांनी.

१७ सप्टेंबर, बुधवार

आईंना तपासणीला नेलं. डॉक्टर खूश! हृदय उत्तम चाललंय, औषधं अशीच चालू ठेवा, पुण्याला जायलाही हरकत नाही. आईंना बाहेर बसवून मी एकटीने विचारलं — वाईट बातमी सोसेल का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, सोसेल. तुमच्यापेक्षा बरी आहे त्यांची तब्येत.

प्रबोधला फोन केला.

"वहिनी, दिवाळी होऊ दे ना. मी येतो, आपण दोघं मिळून सांगू."

"नाही भावजी. रविवारी सांगणार."

"आणि काही झालं तर?"

"तर मी आहे इथे. मार्चपासून मीच आहे इथे."

इतकं तोडून कधी बोलले नव्हते त्याच्याशी.

रविवारी सप्तमी. पितृपक्ष चालू आहे, सासऱ्यांची तिथी. आई दरवर्षी कावळ्याला पान ठेवतात. ते झालं, जेवणं झाली, की सांगणार. इरालाही सांगितलं. तिने फक्त विचारलं, "प्रॉमिस?"

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आईंनी यादी दिली, टेक्का मार्केटमधून आणायची. अळू, केळीची पानं, आमसुलं, भोपळा. शेवटी म्हणाल्या, "आणि मेथी दिसली तर आण."

श्राद्धाला मेथी? आमच्याकडे कधी पाहिली नाही. असेल त्यांच्या मनात. जाताना घेईन.

वाक्य पाठ करतेय. "आई, एक सांगायचंय." पुढे जमत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

ऑफिसात बसून शेवटचं लिहितेय. संध्याकाळी डायरी घरी नेणार.

काल सकाळी उठले तर आईंचा स्वयंपाक झालेला. ओट्यावर केळीची दोन पानं वाढलेली. एकावर रीतीप्रमाणे सगळं — खीर, वडे, अळूची भाजी. दुसऱ्यावर भात, वरण आणि मेथी.

"आई, हे दुसरं कुणाचं?"

"त्याचं," म्हणाल्या. पानावर तूप वाढत होत्या. "मिळत नव्हती ना तिथे. फेब्रुवारीत मला म्हणाला होता फोनवर, आई, इथे मेथी नाही बघ."

मी ओट्यापाशी गेले. त्याच बोलत होत्या, पाठमोऱ्या. गुढीपाडव्याच्या दिवशी मी बाजारात गेले असताना त्यांच्या भाचीचा फोन आला होता — "मावशी, फार वाईट झालं हो." तिला वाटलं, त्यांना ठाऊक आहे. त्यांनी तिला शपथ घातली, "मला कळलंय हे कुणाला बोलायचं नाही."

"मग बोलला का नाहीत? इतके महिने!"

"बोलले असते तर दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी तुझं कपाळ बघायला सुरुवात केली असती. माझं पुसलं ना बायकांनी, घट्ट धरून. मी म्हटलं, म्हातारीला ठाऊक नाही तोवर हिला हात लावायची कुणाची टाप नाही." मग म्हणाल्या, "लिपस्टिक लावून आलीस तेव्हा सांगणार होते. धीर नाही झाला गं."

इरा दारात उभी होती. "आज्जी, यू नो ऑलरेडी?" आज्जींनी हात पसरले. ती त्यांच्या पोटाशी गेली आणि मोठमोठ्याने रडली, आपल्या घरी. मग मी रडले. आवाज शेजारच्या फ्लॅटमध्ये गेला असणार. जाऊ दे.

पानं खिडकीत ठेवली. कावळा आला नाही. एक साळुंकी आली आणि सरळ मेथीवर बसली. "चालेल," आई म्हणाल्या.

तोंड धुऊन आले तर टिकली निघाली होती. मी तशीच बसले. आई उठल्या, देव्हाऱ्यापाशी गेल्या, करंडा स्वतःच्या हाताने उचलला, आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं.